पुढे ढकललेला सामना

सिग्नी करंडकाला हात लावायला तयार नव्हती.

“अगं घे ना,” मार्लिस म्हणाली. “इतकी वर्षं माझ्या हातातून हिसकावून घ्यायचीस, आज काय झालं?”

“हिसकावण्यात मजा होती. आज तू दान करायला आणलायस.”

वीतभर उंचीचा, एक कान तुटलेला तो करंडक मैदानाकाठच्या बाकावर दोघींच्या मध्ये उभा होता. सहा महिने सिग्नीच्या केस्टन कॉलेजात, सहा महिने मार्लिसच्या सेंट ओडिलियात, अशी त्याची वाटणी होती, आणि अदलाबदल व्हायची ती दोन्ही गावांच्या बरोबर मधल्या पेट्रोल पंपावर. मुलींच्या फुटबॉलची ही स्पर्धा सुरू झाली त्या वर्षी अंतिम सामन्याच्या सकाळीच गुडघाभर बर्फ पडला. सामना झालाच नाही. दोन्ही कर्णधारांच्या हातात मिळून हा एक करंडक ठेवून सगळे घरी गेले. त्या कर्णधार म्हणजे याच दोघी, आता साठीच्या. यंदा मे महिन्यात सेंट ओडिलियाला कायमचं कुलूप लागलं आणि मार्लिसची वाटणी संपली.

करंडक गेल्याचं तिला एवढं वाटत नव्हतं. जिव्हारी लागलं होतं ते मांडीवरच्या स्पर्धेच्या यंदाच्या पुस्तिकेतलं इतिहासाचं पान. चाळीस वर्षांचे विजेते तिथे ओळीने छापले होते. पहिल्या ओळीत गेल्या वर्षापर्यंत दोन नावं असायची. आता एकच होतं: केस्टन.

“नियमच आहे, मॅडम,” स्पर्धेच्या नोंदी ठेवणारी टेगन ओशाळून म्हणाली. पोरीचा काही दोष नव्हता. “बंद पडलेलं कॉलेज संयुक्त विजेता म्हणून ठेवत नाहीत. सामना झाला असता तर निकाल छापला असता, जिंकले कोण आणि हरले कोण. निकालाला मग कुणी हात लावत नाही, कॉलेज असो वा नसो.”

“म्हणजे आम्ही कधी नव्हतोच,” मार्लिस म्हणाली. तिने पुस्तिका मिटली.

यंदाच्या अंतिम सामन्याच्या मध्यंतराची शिट्टी झाली. मुली आत पळाल्या. सरोवरावरून आलेलं धुकं मैदानात उतरलं होतं. भर दुपारी दिवे लावले होते आणि समोरचा गोलपोस्ट दिसत होता आणि नव्हताही. कुठूनतरी लहान मुलांचे आवाज येत होते, मुलं दिसत नव्हती.

सिग्नी त्या धुक्याकडे बघत होती. मग म्हणाली, “टेगन, मूळ वहीत काय लिहिलंय गं? सामना रद्द?”

टेगनने मोबाइलवर जुन्या पानाचा फोटो शोधला. “नाही. ‘बर्फामुळे पुढे ढकलला’.”

“किती पुढे?”

“ते लिहिलेलं नाहीये.”

“मग ऊठ गं मार्लिस,” सिग्नी म्हणाली. “बर्फ वितळला.”

कॉफी पीत उभ्या असलेल्या पंचाने घड्याळ पाहिलं आणि एका पेनल्टीपुरता वेळ आहे, असं सांगितलं. गोल झाला तर केस्टन, अडवला तर सेंट ओडिलिया. मार्लिसने कोट काढून टेगनकडे दिला, कुणाचे तरी ओलसर हातमोजे चढवले आणि गोलपोस्टमध्ये जाऊन उभी राहिली. प्रेक्षक धुक्यात बुडाले होते. इथे उभं राहिल्यावर वय कुठल्या कुठे गेलं. आपल्या दहाही जणी पुढे उभ्या आहेत, आता एखादी मागे वळून हाक मारेल, असं तिला अगदी खरं वाटू लागलं. ती इतकी सुखावली की गुडघा दुखतोय हेही विसरली.

सिग्नीने चेंडू मारला. तो घरंगळत आला आणि मार्लिसच्या पायाशी थांबला.

“अडवला!” टेगन ओरडली.

मार्लिसने चेंडू उचलून परत फेकला. “हे काय? नातवाला खेळवतेस?”

“पाय घसरला.”

“तुझा? सगळ्या जिल्ह्याला पाडून स्वतः कधी न पडणारी तू! नीट मार. तुझ्या मेहेरबानीवर जिंकायला नाही आले मी.”

सिग्नी पाच पावलं मागे गेली, धुक्यात जवळजवळ दिसेनाशी झाली. मग नुसता धप्प आवाज आला. मार्लिसने डावीकडे झेप घेतली. झेप म्हणजे काय, आडवी पडली, पण वेळेवर पडली. चेंडू तिच्या बोटांना घासला. आणि जाळी हलली.

धुक्यातून टाळ्या आल्या. सिग्नी धावत येऊन तिच्याशेजारी ओल्या गवतात बसली आणि रडू लागली. “तू कशाला परत दिलास गं चेंडू? कशाला?”

मार्लिस उताणी पडून हसत होती. बोटं झिणझिणत होती, पाठ चिखलाने भिजली होती.

टेगन वाकली. “मॅडम, मी पहिलाच फटका धरते. तुम्ही अडवलात, सगळ्यांनी पाहिलंय.”

“नाही. जे झालं ते लिही,” मार्लिस म्हणाली. “केस्टन एक, सेंट ओडिलिया शून्य. हरलो म्हणून लिही, बाळ. हरायला आधी तिथे असावं लागतं.”