चौथं पाकीट

दैवशालाने हातातली कात्री खाली ठेवली नाही. समोर स्टुलावर सोमेश्वर बसला होता. सहा वर्षांपूर्वी ज्याने तिला माहेरी धाडलं आणि पुन्हा विचारलं नाही, तोच. वडीगोद्रीहून बस बदलत तो भोकरदनला तिच्या शिलाईच्या दुकानात आला होता आणि येताना पावशेर पेढे घेऊन आला होता. नांदायला होती त्या दोन वर्षांत त्याने तिच्यासाठी काही आणल्याची नोंद नव्हती. म्हणजे गरज मोठी होती.

होतीच. बदनापूरच्या रामरावांची मुलगी त्याला सांगून आली होती. रामराव म्हणाले, आधीची कोर्टातून सुटल्याचा, किंवा निदान तसा अर्ज लावल्याचा कागद सोमवारपर्यंत दाखवा, नाहीतर परतूरचं स्थळ तयार आहे. वकिलाने सांगितलं, दोघांच्या संमतीचा अर्ज करू, मग सहा महिने थांबावं लागतं; जजसाहेबांच्या मनात आलं तर तेवढं थांबणं माफ होतं. पण तिची सही नसेल तर अर्जच होत नाही.

गंमत अशी, की पाच वर्षांपूर्वी घटस्फोटाचा दावा दैवशालानेच लावला होता. तेव्हा सोमेश्वरचे चुलते काकासाहेब त्याच्या मदतीला धावले. काकासाहेब तीन खटल्यांत साक्षीदार होते, त्यामुळे गावात अर्धे वकील समजले जात. त्यांचा कायदा एका ओळीचा होता: कागद हातात घेतलाच न्हाई, तर केस लागतच न्हाई.

पोस्टमन पहिलं पाकीट घेऊन आला तेव्हा सोमेश्वर कापसात जाऊन बसला. दुसऱ्या वेळी तो तिरुपतीला गेल्ता, असं घरच्यांनी सांगितलं. तिसरं त्याने तोंडावर नाकारलं. मग कोर्टाचा बेलिफ येऊन नोटीस दारावर चिकटवून गेला, तर शेळीने अर्धी खाल्ली. शेळीने घेतली म्हणजे सोमेश्वरने घेतली असं होत नाही, हा निवाडा काकासाहेबांनी जागेवरच दिला. पुढे वर्षभराने चौथं पाकीट आलं, पाठवणार म्हणून दैवशालाचं नाव होतं. जरा जाड होतं. तेही परत गेलं. त्यानंतर काही आलं नाही. बाई थकली, केस बुडाली, असं काकासाहेबांनी पारावर जाहीर केलं आणि सोमेश्वर आठ दिवस कडक इस्त्रीत फिरला.

आता त्याच्या शर्टाची इस्त्री बसमध्ये मोडली होती. झालं गेलं विसरा, आईचं तोंड जरा तिखट होतं, आपलंही वय कच्चं होतं, असं बरंच बोलून झालं. दैवशाला ब्लाउजची बाही कापत ऐकत होती. शेवटी त्याने अर्ज पुढे सरकवला.

"एक सही द्या, अहो. मी काय जलमभर असाच अडकून राहू का?"

तो तिला पहिल्यांदाच अहो म्हणाला होता. तिने मान वर केली.

"मला सुटायचं होतं, तव्हा तुम्ही कुठं होते?"

"कापसात," सोमेश्वर म्हणून गेला.

दैवशाला उठली. तिने बटणांच्या डब्याखालचा खण ओढला आणि एक जाड पाकीट काढलं. कोपरे दुमडले होते, डिंक जसाच्या तसा होता, आणि पत्त्यावर पोस्टमनच्या अक्षरात आडवं लिहिलं होतं: घेण्यास नकार.

"सही कशाला पाहिजे? तुम्ही आलेच न्हाईत, मंग कोर्टानं एकतर्फी निकाल देऊन टाकला. चार वर्षं झाले. तुमची कॉपी मी तव्हाच धाडल्ती."

सोमेश्वरचे दोन्ही हात आपोआप पुढे आले. दैवशालाने पाकीट वीतभर मागे घेतलं.

"घ्यायचं का न्हाई, ते आधी काकासाहेबांना विचारून घ्या."