त्या बाईला सांग

“हे घे तुझं मलम. उरलेल्या गोळ्या पण यातच हायत,” म्हणत वत्सलाने पिशवी आरोग्य केंद्रातल्या टेबलावर ठेवली. “मी आता यायची नाय.”

नम्रता सिस्टरने हातातलं रजिस्टर मिटलं. सात महिने ही बाई न चुकता सकाळच्या एसटीने किन्हवलीला येत होती. कापडावर दोन्ही हात पसरायची. नम्रता फोटो काढून कॉम्प्युटरमध्ये साठवायची आणि मुंबईतल्या डॉक्टरबाई ते तिकडे बघून औषध सांगायच्या. सोरायसिस आहे, एकाचं दुसऱ्याला होत नाही, हे वत्सलाला पाठ झालं होतं. गावाला मात्र ते पाठ होत नव्हतं.

एके काळी कुणाच्याही लग्नात शंभर-शंभर तांदळाच्या भाकऱ्या थापणारी ही बाई. एका लग्नात कुणीतरी गोड बोलून तिला चुलीपासून उठवलं. पुढच्या लग्नात तिला कुणी आत बोलावलंच नाही. आता तिच्या स्वतःच्या लेकीचं, मितालीचं लग्न आठ दिवसांवर आलं होतं. “हळद काकूच्या हातून लावून घे,” असं तिने कालच लेकीला सांगितलं. मिताली रडली. वत्सला भांडी घासत राहिली.

“का येणार नाय, मावशी?”

“काय फरक नाय गो. होतं तसंच हाय. जाऊबाई म्हणते, वैशाखऱ्याला एक जण झाडपाला देतो. तिकडं जाऊन बघते.”

नम्रता वाद घालत बसली नाही. तिने कॉम्प्युटरवर एक फोटो उघडला आणि पडदा वत्सलाकडे वळवला.

पडद्यावर दोन हात होते. मनगटापासून कोपरापर्यंत जाड, पांढुरके पापुद्रे. मधूनमधून लाल भेगा. त्यांत सुकलेलं रक्त.

“आई गो!” वत्सला पुढे वाकली. “केवढं सोसत असंल बिचारी! आणि मी उगाच रडत बसलेय. हिला औषध चालू हाय ना?”

“हाय.”

“मग त्या बाईला सांग, धीर सोडू नको म्हणावं. मधेच सोडलं तर सगळं पाण्यात जाईल.”

बोलून गेल्यावर तिची नजर टेबलावरच्या पिशवीकडे गेली आणि ती ओशाळली. ओशाळलेलं माणूस चिडतं, तशी चिडलीसुद्धा. “पण काय गो सिस्टर, दुसऱ्या बाईचे फोटू मला कशाला दाखवते? उद्या माझे पण दाखवशील कुणाला!”

“एकीचे फोटो दुसरीला आमी कधीच दाखवत नाय, मावशी. जिचे तिलाच दाखवतो.”

वत्सलाला क्षणभर कळलंच नाही. मग तिने जोरात मान हलवली. “छट्! हे माझे हात नाय. माझ्या हातावर गोंदण हाय. म्हसा गावच्या जत्रेत आईनं काढून घेतलेलं. तुळस, नि खाली माझं नाव. यात कुठाय ते?”

आणि पुरावा म्हणून तिने पदराखालचा उजवा हात काढून पडद्याशेजारी धरला.

हातावर तुळस होती. तिचं एकही पान झाकलेलं नव्हतं. खाली ‘वत्सला’, नव्या कातडीवर हिरवंगार.

“पहिल्या दिवशी तुमीच मला विचारलं होतं,” नम्रता म्हणाली, “सिस्टर, माझं गोंदण परत दिसंल का?”

वत्सलाने बोटाने आपलं नाव गिरवलं, एकेक अक्षर. कोपराशी अजून दोन लाल चट्टे होते. इतके दिवस तिने फक्त तेवढेच पाहिले होते. रोज बघणाऱ्या आईला पोर वाढलेलं कळत नाही, तसं झालं होतं. मग ती हसायला लागली. हसता हसता डोळ्यांतून घळाघळा पाणी. बाहेर बाकावर बसलेली माणसं दारातून डोकावून बघू लागली.

तिने तिथूनच लेकीला फोन लावला. “मिताली, काकूला सांग, तिला दुसरं काम देते. तुला हळद मीच लावणार.” पलीकडे एवढा आरडाओरडा झाला, की वत्सलाने फोन कानापासून लांब धरला.

पिशवी पुन्हा काखेत मारून ती खुर्चीवर नीट बसली. “आजचा फोटू काढ. आणि ऐक, कुणी बाई औषध सोडायला आली ना, तर तिला माझे दाखव. तेव्हाचा नि आत्ताचा, दोन्ही.”

“दाखवीन. पण त्याला तुमची सही लागते, मावशी. आणि फोटोत कुठं नाव दिसत असलं तर आमी ते झाकतो.”

“नावाला हात लावायचा नाय!” वत्सला म्हणाली. “आत्ता कुठं दिसाया लागलंय ते.”