बांबूच्या भिंतीपलीकडून

जपानातल्या ग्योतोकुमधल्या घरून निघाल्यापासून विभा नवऱ्याशी एक अक्षर बोलली नव्हती. पुण्याला परतायचं ठरलेलं असताना प्रतापनं तिला न विचारता कंपनीला आणखी तीन वर्षं कबूल केली होती, आणि वर मनधरणी म्हणून तिला या गरम झऱ्यांच्या गावी आणलं होतं.

दुपारी हॉटेलातल्या बायकांच्या कुंडात ती एकटीच उतरली. पुरुषांचं कुंड बांबूच्या भिंतीपलीकडे होतं. तिकडे पाणी हललं, तसा तिचा राग उतू गेला.

"माझी पुण्यातली नोकरी काय वाऱ्यावर सोडायची होती? एकदा विचारलं असतंस तर जीभ झडली असती का रे तुझी?"

"चुकलं माझं," पलीकडून प्रतापचा आवाज आला.

विभा चमकली. इतक्या वर्षांच्या संसारात हे वाक्य तिनं पहिल्यांदाच ऐकलं होतं.

"मग कळव त्यांना, जमणार नाही म्हणून!"

"कळवतो. तू म्हणशील तसं."

एवढं शहाणपण आजवर कुठे दडवलं होतं, या विचारानं ती आणखीच भडकली. अंगावर कपडे चढवून ओल्या केसांनीच तरातरा बाहेर आली.

प्रताप समोरच्या बाकावर बसला होता. पायात मोजे, हातात फोन, अंगावर पाण्याचा थेंब नाही.

"मी नाही बुवा गेलो आत. चारचौघांत नागडं कोण होणार?" तो म्हणाला. "आणि तू कुणावर ओरडत होतीस एवढी?"

पुरुषांच्या दाराचा निळा पडदा आतून जरासा बाजूला झाला.

"माझ्यावर," प्रतापच्याच आवाजात उत्तर आलं. "चल विभा, पुण्याला जाऊ."