दिवाणखान्याबाहेरच्या चपला

"आई, इथे चपला काढायच्या नसतात गं!" शलाका कुजबुजली. पण आईच्या चपला तोवर दाराबाहेर गेल्यासुद्धा होत्या.

"एवढी सुंदर लाकडी जमीन, आणि पायताण घालून तुडवायची? मला नाही जमायचं!" अंगठ्याचे मोजे घातलेल्या पायांनी आई तुरुतुरु आत शिरली.

शलाका त्या इंग्लिश हवेलीत गाईड होती. तीनशे वर्षांपूर्वी नाचासाठी बांधलेला हा दिवाणखाना, वर रंगवलेलं छत, पायाखाली ओकच्या फळ्यांची नक्षी. पर्यटकांच्या टाचांनी नक्षी पार झिजत चालली होती. म्हणून म्हाताऱ्या मालकीणबाईंनी मन घट्ट करून दिवाणखाना उद्यापासून कायमचा बंद करायचं ठरवलं होतं. आजची ही शेवटची फेरी.

शरमून शलाकाने मागे पाहिलं आणि बघतच राहिली. आईमागच्या गोऱ्या जोडप्याला वाटलं, इथला नियमच असावा. दोघांनी वाकून बूट काढले. त्यांचं पाहून बाकीच्यांनीही काढले. सत्यनारायणाला लागावी तशी दाराबाहेर जोड्यांची रांग लागली, आणि एवढी माणसं फळ्यांवरून आवाजही न करता फिरू लागली.

जिन्यावरून मालकीणबाई हे पाहत होत्या. त्या खाली आल्या, दाराला टेकल्या आणि स्वतःच्या बुटांच्या नाड्या सोडू लागल्या.

"दिवाणखाना चालूच राहील," त्या शलाकाला म्हणाल्या. "फक्त आईंना विचार, बुटांचा स्टँड कुठे ठेवू?"

शलाकाने मराठीत विचारलं. आईने त्या भव्य दाराकडे आपल्या फ्लॅटचं असल्यासारखं पाहिलं.

"उजवीकडे. डावीकडे ठेवला की दार त्यावर आपटतं."