वाढवलेला स्पीड

माझी बायको अनुजा दवाखान्यात वारली, त्या दिवशी घरी आल्यावर मी आधी कॉम्प्युटर बघितला. लाज वाटते, पण खरं आहे. तिला ॲडमिट करायच्या आधी मी गेमसाठी दोन्ही ग्राफिक्स कार्डांचा स्पीड वाढवला होता, आणि नऊ दिवसांनीही तो तसाच होता. एरवी आज वाढवला की उद्या आपोआप कमी झालेला असायचा. मग गेम अडकायचा, मी हरायचो आणि कॉम्प्युटर जोडून देणाऱ्या सम्राटला फोनवर शिव्या घालायचो.

सम्राट भेटायला आला तेव्हा न राहवून विचारलं, "स्पीड आता कसा काय टिकला रं?"

"टिकंल की, दादा. रोज वहिनीच कमी करायच्या. मीच शिकवलंतं त्यास्नी."

"आणि माझ्या शिव्या खात बसलास व्हय? कशापायी?"

"वहिनी म्हणायच्या, हे हरलं की तोंड फुगवून का हुईना, पर माझ्यासंगं चहाला बसत्यात."

 

सव्वा महिना झाला, स्पीड तसाच आहे. गेम मात्र मी अजून उघडलेला नाही.