वांग्याचं फूल

हॉटेलातल्या नोकरीची मुलाखत तोंडावर आली होती, म्हणून ख्रू विलाईंनी, म्हणजे विलाई बाईंनी, आपल्या थाई मुलींच्या वर्गाला इंग्रजीतलं 'शाइन थ्रू' शिकवलं. म्हणजे आतला गुण न सांगताच बाहेर झळकणं.

"आता प्रत्येकीनं ते वापरून स्वतःवर एक वाक्य करायचं."

सगळ्यांनी केलं. साईफोन तेवढी मान खाली घालून उभी राहिली.

"बोल की गं! तोंडात काय चिकट भात कोंबलायस?"

"आपलं चांगलं आपणच कसं सांगायचं, ख्रू? ते बघणाऱ्यानं सांगायचं असतं."

ख्रूंनी चिडून शून्य दिलं.

गुरुवारी गुरुवंदना होती. मुली गुडघ्यांवर सरकत एकेक तबक घेऊन आल्या. बहुतेकींनी बाजारातले गुलाब आणले होते. साईफोनच्या तबकात मात्र जुन्या रिवाजातलं वांग्याचं फूल होतं, फळ धरायच्या वेळी मान लववणारं. ती जमिनीला कपाळ टेकून म्हणाली, "मला शिकवलंत, ख्रू. उपकार आहेत."

ख्रूंनी फुलाकडे पाहिलं, मग तिच्या लवलेल्या मानेकडे. तिथंच कागद मागवून त्यांनी हॉटेलच्या नावानं शिफारसपत्र लिहिलं. पहिल्याच ओळीत 'शाइन थ्रू' होतं, साईफोनच्या नावासकट.

"धर. बघणारीनं सांगितलं."