मागच्या चाकातली हवा

मागच्या चाकाचा आकडा तेहतीसवरून अठ्ठावीसवर आला आणि हँडलवरचा छोटा पडदा लाल झाला. दिव्यानीनं त्यावर अंगठा ठेवला. आकडा झाकला गेला, पण वाजायचं काही थांबलं नाही.

"काय वाजून राह्यलं?" मागे बसलेल्या लटारूनं विचारलं.

"काही नाई बाबा. मोबाईल आहे."

लटारूच्या एका डोळ्याचं सकाळीच चंद्रपूरला ऑपरेशन झालं होतं. त्या डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यात पिकलेला मोतीबिंदू, आणि वरून दवाखान्यातला काळा चष्मा. त्याला उजेड कळत होता, झाडं नाही. दोन्ही बाजूंना सागवान आणि बांबू दाटला होता, पुढेमागे एकही गाडी नव्हती. गेल्या आठवड्यात सरपणाला गेलेल्या बाईला वाघानं जिथून ओढून नेलं, तिथं वनखात्यानं लावलेली नवी पाटी आत्ताच मागे गेली होती. हे सगळं एकट्या दिव्यानीला दिसत होतं.

पडदा तिच्या भावानं बसवला होता. चाकात हवा भरायच्या वॉलवर टोपीसारखा सेन्सर फिरवून लावला की चालत्या गाडीत हवा किती आहे ते समजतं. "आता रस्त्यात फसशील नाई," प्रवीण म्हणाला होता. समजलं नसतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. पंचवीस. तेवीस. उन्हं झाडांच्या शेंड्यांवर गेली होती.

तिनं आधी ठरवलं, थांबायचंच नाही. टायर फाटला तरी चालेल, मूल गाव येईपर्यंत हाकायची. पण एकोणीसवर मागचं चाक वळणावर सरकलं, लटारू एका बाजूला कलला. गाडी पडली तर डोळा गेला.

तिनं गाडी कडेला घेतली.

"मूल आलं?"

"नाई. हवा उतरली."

इंजिन बंद झाल्यावर जंगल एकदम जवळ आल्यासारखं वाटलं. लटारूनं हवा हुंगली, मग हळूच विचारलं, "पाटी मागं गेली काय?"

"गेली."

"वाकाव लागन तुले?"

वाकलेला माणूस वाघाला जनावरासारखा दिसतो, हे त्या भागात पोराटोरांनाही ठाऊक आहे. सरपणवाली बाईही वाकलेलीच होती.

लटारू चाचपडत खाली उतरला. गाडीला हात लावत मागच्या चाकापाशी आला आणि रानाकडे तोंड करून ताठ उभा राहिला. खांद्यावरचा दुपट्टा काढून त्यानं दोन्ही हातांनी डोक्यावर उंच धरला.

"मी पाहून राह्यलो," तो म्हणाला. "तू तुह्यं कर."

दिव्यानी बसली. चाक फिरवून वॉल समोर आणला. खिळा नव्हता, काटा नव्हता. सेन्सरच्या बुडाशी बारीक सूं ऐकू येत होती. तिनं थुंकी लावली तर बुडबुडे आले. टायर धड होता. खड्ड्यांनी ढिला झालेला सेन्सरच हवा सोडत होता. तो काढला की वॉल आपोआप मिटणार होता. पण तो तिरपा होऊन आट्यांत अडकला होता. तिची बोटं घामानं सटकत होती.

तेवढ्यात चितळ ओरडलं, वाघाची चाहूल लागल्यावर ओरडतं तसं. रस्त्याच्या पलीकडून. लटारूचं तोंड अलीकडे होतं.

ती हलली नाही. मान वळवायची तिची हिंमतच झाली नाही. तिला फक्त बापाचे पाय दिसत होते. ते तिच्या पाठीला वळसा घालून, जमीन तपासत, आवाजाच्या बाजूला गेले आणि तिथं रोवले गेले. धोतराचा सोगा थरथरत होता, वारा नसतानाही.

"आमी जाऊन राह्यलो, देवा," लटारू मोठ्यानं बोलू लागला. "रस्ता तुहाच आहे. माही पोरगी हवा पाहून राह्यली, झालं की निघतो. आमचं काही काम नाई इथी." तो थांबेना. धानाचं बोलला, डोळ्याचं बोलला, डॉक्टरनं खाली वाकू नको म्हटलं तेही त्यानं रानाला सांगितलं. आवाज चढाच होता, मध्येच फाटत होता.

आता झाडावरून वानर खँकारलं. चितळाच्याही अलीकडून.

दिव्यानीनं ओढणीचं टोक सेन्सरभोवती गुंडाळलं आणि जीव खाऊन पिळलं. तो निघाला. सूं थांबली.

"झालं, बाबा. बसा."

पडद्यावर शून्य आलं. चाकात हवाच नाही असं सांगत तो आणखी जोरात वाजू लागला. तिनं तो हँडलवरून उपटून खिशात कोंबला आणि गाडी सुरू केली. उरलेल्या हवेवर चाक जड चालत होतं, मात्र सरकत नव्हतं. आरशात तिनं पाहिलं नाही. लटारूनं तिचा खांदा धरला होता. झाडं विरळ झाली, धानाच्या बांध्या लागल्या, मग तांदळाच्या गिरण्यांचा कोंडा वाऱ्यावर यायला लागला.

चहाच्या टपरीसमोर तिनं गाडी थांबवली. माणसं होती, दिवे लागत होते.

"बाबा, मूल आलं. उतरा."

तो उतरला नाही. ती वाट पाहत राहिली. मग मागे हात नेऊन, आपल्या खांद्यात रुतलेली त्याची बोटं तिनं एकेक करून सोडवली.